कार्यालयातील सामाईक फ्रिज

कार्यालयातील सामाईक फ्रिज : एकाच कचेरीत काम करणाऱ्यांनी आपापले खाद्यपदार्थ, पेये आणि क्वचित औषधे ठेवण्यासाठी एकत्र वापरायचे शीतकपाट, तसेच त्याच्या वापराभोवती तयार झालेले लिखित व अलिखित संकेत. फ्रिज कंपनीचा, आतला प्रत्येक डबा कोणा एकाचा आणि डब्यांमधली जागा कोणाचीच नाही, अशी ही व्यवस्था असते. घरातल्या फ्रिजमध्ये काय उरले, काय आंबत आले, उद्या आधी काय संपवायचे याचा हिशेब घरातल्या कोणाच्या तरी डोक्यात पक्का असतो. कचेरीतल्या फ्रिजला असे डोके नसते. म्हणूनच या फ्रिजवरून होणारे तंटे वरकरणी ‘माझे कोणी खाल्ले’ या प्रश्नाचे वाटले, तरी त्यांतील बरेचसे ‘शिळे झालेले टाकून देण्याचा अधिकार कोणाचा’ या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

पुण्यातील स्वरूप

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात कामावर घरचा डबा नेण्याची रीत फ्रिजपेक्षा बरीच जुनी आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ ने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची, तर कलम ४७ ने १५० हून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतिकक्षाची आणि घरून आणलेले जेवण जेवता येईल अशा भोजनकक्षाची तरतूद केली. या भोजनकक्षात पिण्याच्या पाण्याची सोय असावी असे कलमात म्हटले होते. डबा थंड ठेवण्याविषयी त्यात काही नव्हते. फ्रिज हा कायद्याने नव्हे तर सोयीने आलेला पाहुणा आहे, आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाच्याही कामाच्या यादीत स्पष्ट लिहिलेली नसते, याचे एक कारण हेच असावे.

हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, मगरपट्टा, खराडी, बाणेर अशा भागांतील मोठ्या कार्यालयांत मजल्यागणिक पॅन्ट्री असते आणि तेथे मायक्रोवेव्हशेजारी दोन दरवाजांचा फ्रिज असतो. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता किंवा पेठांमधील लहान कचेऱ्यांत, म्हणजे सनदी लेखापाल, वास्तुविशारद, वकील, प्रकाशक यांच्याकडे, बहुधा दोनशे लिटरच्या आतबाहेरचा एका दरवाजाचा फ्रिज आढळतो. मालकांच्या घरी नवा फ्रिज आला की जुना कचेरीत येतो, ही त्याची नेहमीची कुळकथा. पुण्याजवळच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आणि सातारा रस्त्यावरील शिरवळला फ्रिजचे मोठे कारखाने आहेत, पण म्हणून पुण्यातल्या कचेऱ्यांना फ्रिज लवकर बदलावासा वाटतो असे मात्र दिसत नाही.

आत काय असते

डबा नेणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी पोळी-भाजीचा मुख्य डबा सहसा या फ्रिजमध्ये जात नाही. तो टेबलाखाली किंवा पिशवीतच राहतो. याला आधार आहे. शिजलेल्या पिठातील स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा एकत्र बांधले जातात आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत जलद होते, त्यामुळे थंड केलेली पोळी चिवट व कोरडी लागते आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर जेमतेम दोन मिनिटे मऊ राहते. फ्रिजमध्ये जातात ते डब्याचे सोबती : दह्याचा झाकणाचा लहान डबा, ताकाची बाटली, काकडीची कोशिंबीर, चिरलेले पपई-कलिंगड, मोड आलेली मटकी. चहाच्या दुधाची पिशवी, चितळ्यांची असो वा कात्रजची, कोपरा कापून स्टीलच्या पेल्यात उभी केलेली असते आणि दुपारच्या चहानंतर तिच्या तोंडाला रबर लागते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या बाटल्या इतक्या भरल्या जातात की डब्यांना जागा उरत नाही.

याशिवाय काही पदार्थ व वस्तू केवळ दिवसभराच्या मुक्कामाला येतात. जेवणाच्या सुट्टीत घेतलेली मेथीची जुडी, सणाच्या दिवशी संध्याकाळसाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा, कोणाच्या तरी नव्या गाडीचे पेढे, वाढदिवसाच्या केकचा उरलेला चतकोर. यांपैकी केक सर्वांत त्रासदायक, कारण तो सर्वांचा असल्याने त्याला घरी नेणारा कोणीच नसतो. तीन दिवसांनी त्यावरची साय कडक होते आणि खोक्याचा पुठ्ठा ओला होऊन कपाटाला चिकटतो.

उपासाचे दिवस फ्रिजच्या मांडणीत दिसून येतात. एकादशी-चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचा लाडू असे डबे वरच्या कप्प्यात, इतरांपासून थोडे वेगळे ठेवले जातात. मांसाहारी डब्यांबाबत काही कचेऱ्यांत खालचा कप्पा वेगळा काढलेला असतो, काहींत नुसती समजूत असते, तर काही लहान कचेऱ्यांत मालकांची इच्छा हाच नियम असतो. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद कच्च्या व शिजलेल्या अन्नातला आहे : कच्चे मांस वा मासे शिजलेल्या अन्नाच्या वर ठेवू नयेत, कारण त्यांचे पाणी खाली गळते. झाकणबंद डब्यातली शिजवलेली उसळ आणि झाकणबंद डब्यातले शिजवलेले चिकन यांत फ्रिजच्या दृष्टीने काही फरक नाही. वास हा वेगळा मुद्दा. उघड्या दुधाला आणि लोण्याला शेजारच्या कांद्याचा किंवा सुकटीचा वास चटकन लागतो, आणि त्याचा निकाल तत्त्वचर्चेपेक्षा घट्ट झाकणाने लवकर लागतो.

औषधे हा या फ्रिजचा सर्वांत नाजूक वापर आहे. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या व पेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावयाच्या असतात आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी ठरते, म्हणून एका दरवाजाच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची जागा त्यांना वर्ज्य होय. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार (नोव्हेंबर २०२५ पूर्वी प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ नुसार) मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामावरील आईला विश्रांतीच्या वेळेव्यतिरिक्त दिवसातून दोन स्तनपानविराम मिळतात; घर वा पाळणाघर दूर असेल, तर त्या वेळात काढलेले दूध संध्याकाळपर्यंत थंड ठेवावे लागते. ४ अंशांना ते सुमारे चार दिवस चांगले राहते. अडचण तापमानाची कमी आणि संकोचाची अधिक असते. दिवसभर वीस हात ज्या कपाटात जातात तेथे ही पिशवी ठेवायची, तर तिच्यावर नाव घालणे नकोसे वाटते आणि न घालणे धोक्याचे असते. मोठ्या कार्यालयांत यासाठी वैद्यकीय खोलीत स्वतंत्र लहान फ्रिज असतो. नसेल तेथे ‘औषध’ असे लिहिलेला अपारदर्शक डबा चालवून घेतला जातो.

तापमान व आरोग्य

फ्रिजमधील तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, तर फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नातील जिवाणू वेगाने वाढतात, त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. सकाळी सहाला भरलेला डबा कोथरूडहून हिंजवडीला पोहोचेपर्यंत हा अवधी बहुधा संपलेला असतो, आणि पोळी-भाजीला त्याने फारसे बिघडत नसले तरी भाताला बिघडते : बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. फ्रिज ही वाढ मंदावतो, थांबवत नाही. लिस्टेरियासारखे जिवाणू तर थंडीतही हळूहळू वाढतात. म्हणून उरलेले शिजवलेले अन्न फ्रिजमध्येही तीन ते चार दिवसांपलीकडे ठेवू नये.

कचेरीत दुपारी एक ते दोन या तासाभरात दरवाजा सतत उघडत राहतो. दरवाजातल्या खणाचे तापमान आधीच सर्वांत जास्त असते, आणि दूध नेमके तेथेच ठेवले जाते. पुण्यात वीज वितरणाची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी काढली जातात; जनित्र नसलेल्या कचेरीत अशा वेळी दरवाजा बंद ठेवल्यास आतील अन्न साधारण चार तास टिकते, मात्र ‘थंड आहे का अजून’ हे उघडून पाहणारा एकजण प्रत्येक कचेरीत असतोच.

चोरी

दुसऱ्याचा डबा न विचारता खाणे कायद्याने चोरीच ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये अशी सोय आहे की पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची प्रथमच चोरी करणाऱ्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. गुलाबजामाच्या बाबतीत यातील दुसराच पर्याय शक्य आहे. प्रत्यक्षात अख्खा डबा क्वचितच जातो. जातात ते अर्धी वाटी दही, चॉकलेटच्या दोन वड्या, चहापुरते दूध, म्हणजे घेणाऱ्याला ‘एवढ्याने काय होते’ असे वाटण्याजोगे अंश. फ्रिजच्या दारावर यावर लागणाऱ्या सूचना पुण्याच्या पाट्यांच्या परंपरेला साजेशा असतात, परंतु त्यांचा परिणाम आठवडाभर टिकतो. नंतर तो कागद दाराचाच भाग होऊन जातो.

टाकून देण्याचा अधिकार

सामाईक साधनसंपत्ती प्रत्येकाच्या स्वार्थामुळे अखेर नासते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी (अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक, २००९) जगभरातील उदाहरणांवरून दाखवले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम ठरवले, देखरेख ठेवली आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य मग कडक दंड केला, तर अशी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. धुळे-नाशिक भागातील सामाईक सिंचनाच्या फड पद्धतीत पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचे हे पाटकरी ठरवतो आणि त्याला तो अधिकार सर्व शेतकऱ्यांनी दिलेला असतो. कचेरीतल्या फ्रिजला नियम बरेच असतात, पाटकरी नसतो.

त्याची जागा व्यवहारात सफाईच्या मावशींवर येऊन पडते. त्या बहुधा कंत्राटदाराच्या नोकरीत असतात. फ्रिज पुसण्याचे काम त्यांचे, पण आतला डबा टाकण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नसतो. बुरशी आलेला डबा ठेवला तर अस्वच्छतेचा ठपका आणि टाकला तर ‘माझा नवा डबा कुठे गेला’ अशी तक्रार पर्यवेक्षकाकडे. त्यामुळे त्या डबा उचलतात, खालचा कप्पा पुसतात आणि डबा जिथल्या तिथे ठेवतात. स्टीलच्या डब्यावर कोरलेले नावही उपयोगी पडत नाही, कारण ते बहुधा सासूबाईंचे, आजीचे किंवा वास्तुशांतीला भांडे देणाऱ्या मामांचे असते, आणि यांपैकी कोणीही त्या कचेरीत कामाला नसते.

ज्या कार्यालयांत ही व्यवस्था नीट चालते, तेथे तीन गोष्टी आढळतात : डब्यावर नाव व तारखेची चिकटपट्टी, शुक्रवारी ठरलेल्या वेळी फ्रिज रिकामा करण्याची आगाऊ कळवलेली रीत, आणि बिननावाचे ते टाकण्याची मावशींना लेखी मुभा. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन फार काळ टिकत नाहीत. टाकताना अन्न ओल्या कचऱ्यात आणि प्लॅस्टिकचा डबा धुऊन सुक्यात जाणे अपेक्षित आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने वर्गीकरण बंधनकारक केले आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे काम त्यावरच चालते. अन्नासकट बंद डबा कचऱ्यात गेला तर तो उघडण्याचे काम पुढच्या हातावर पडते.

सफाई फार लांबली तर ती स्वतःच संकट होऊ शकते. मे २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथे एका कार्यालयात कुजलेल्या अन्नाने भरलेला फ्रिज रसायने वापरून साफ करताना इतका उग्र वास सुटला की इमारत रिकामी करावी लागली आणि सात जणांना रुग्णालयात न्यावे लागले. साफ करणाऱ्या महिलेला स्वतःला मात्र वास आला नव्हता; ॲलर्जीमुळे तिला वास येत नसे.

अलीकडील बदल

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर पुण्यातील अनेक कंपन्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात येण्याची पद्धत ठेवली. सर्वजण एकाच दिवशी येत नसल्याने शुक्रवारची रीत विस्कटली : गुरुवारी विसरलेले दही पुढच्या मंगळवारपर्यंत तसेच राहते आणि ते कोणाचे हे सांगणारा शेजारी त्या दिवशी घरी असतो. बाणेर, विमाननगर, कोरेगाव पार्क येथील सहकार्य-जागांमध्ये (को-वर्किंग कार्यालयांत) तर एकच फ्रिज आठ-दहा वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक वापरतात. तेथे चिकटपट्टीवर माणसाच्या नावाऐवजी कंपनीचे नाव आणि टेबलाचा क्रमांक लिहिण्याची पद्धत सोयीची ठरते, आणि शुक्रवारी संध्याकाळी उरलेले सर्व टाकले जाईल असे कलम जागेच्या करारातच घालता येते.