ट्रोलिंग मोटर दुरुस्तीसाठी उघडण्यापूर्वी आणि उघडताना

होडीच्या विजेवरच्या ट्रोलिंग मोटरचा (मासेमारी करताना होडी हळू चालवणाऱ्या छोट्या मोटरचा) पाण्याखालचा भाग उघडणे फारसे अवघड नाही. मात्र पुन्हा पाण्याचा थेंबही आत जाणार नाही असा तो बंद करणे हे जिकिरीचे काम आहे. म्हणून मोटर खरोखर उघडायची गरज आहे का, हे ग्राहकांनी आधी पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. वॉरंटी चालू असल्यास मोटर मुळीच उघडू नये.

सर्वप्रथम बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात. मोटर गुणगुणत असूनही पंखा फिरत नसेल, तर बहुधा पंख्यामागची पिन तुटलेली असते आणि ती बाहेरूनच बदलता येते. पंखा काढल्यावर शाफ्टभोवती (पंखा ज्यावर बसतो त्या दांड्याभोवती) गुंडाळलेला तंगुसाचा दोरा बऱ्याचदा सापडतो. तो तसाच राहिला तर ऑइल सीलची (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची) कड कापतो आणि तेथूनच पाणी आत शिरते. मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी कंट्रोलपासून सोडवून शाफ्ट हाताने फिरवावा व नंतर त्याच वायरींची टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावा. दुसऱ्या वेळी तो स्पष्टपणे जड लागला पाहिजे. जड लागला नाही, तर कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले आहेत किंवा वायर आतून तुटली आहे, असे समजावे.

उघडण्यापूर्वी सांध्यांवर आडवी खूण करावी, म्हणजे भाग जोडताना फिरणार नाहीत. बहुतेक मोटरींमध्ये दोन लांब बोल्ट सर्व भाग एकत्र धरतात. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मोटरीत ते गंजून अडकतात. अशा वेळी जोर लावण्याऐवजी गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर थांबावे. बॉडीवर हातोडा मारू नये, कारण आतील चुंबक ठिसूळ असून त्यांना तडा जातो. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) बाहेर घेताना चुंबक ते परत आत खेचतात, त्यामुळे बोटे सांभाळावीत आणि ब्रशच्या स्प्रिंगा उडून हरवणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ठेवावेत.

कम्युटेटर (आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर ब्रश घासतात) गुळगुळीत व तपकिरी दिसत असेल, तर त्याला हात लावू नये. काळे डाग असल्यास अगदी बारीक पॉलिश पेपरने ते काढावेत आणि तांब्याच्या पट्ट्यांमधील खाचांत साचलेली कार्बनची पूड लाकडी काडीने साफ करावी. ग्रीस दुधाळ झाले असेल, तर पाणी आत गेले होते हे निश्चित. एकदा उघडलेल्या मोटरीत सील आणि ओ-रिंग (सांध्यांतील गोल रबरी कडी) नवीनच घालाव्यात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. पंखा न बसवता मोटर बादलीभर पाण्यात सर्वांत कमी वेगावर क्षणभर चालवून पाहावी.

वाइंडिंगला (आर्मेचरवर गुंडाळलेल्या तारेला) जळका वास येत असेल किंवा तारेवरील आवरण काळे पडले असेल, तर काम तेथेच थांबवावे. मोटर आमच्याकडे आणताना तुटलेल्या सीलसह सर्व सुटे भाग एकाच डब्यात आणावेत, कारण त्या सीलवरूनच आम्हाला नव्या सीलचे माप मिळते.