शेवया की तांदूळ? मांजरीच्या जंतांचा घोळ

"डीवर्मिंग (जंताचं औषध) केलं होतं हो, तरी परत जंत!" असं कोणी म्हटलं की मी आधी एकच विचारते, दिसले कसे, शेवयांसारखे की तांदळासारखे? कारण जंत म्हणजे जंत असं धरून आपण हाताला लागेल ते सिरप पाजतो आणि मग मेडिकलवाल्यावर चिडतो.

शेवया म्हणजे गोल जंत. पांढरट, लांबुळके, कधी कधी 10 सेंटीमीटरपर्यंत, उलटीत गुंडाळी होऊन पडले की बघणाऱ्याचं जेवणच जातं. जास्त करून पिल्लांत, कारण आईच्या दुधातूनच येतात, हातपाय काडी आणि पोट नगारा असं पिल्लू दिसलं की शंका घ्यायचीच. यावर पायरँटेल नावाचं औषध चालतं, पिल्लांना साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी देतात, पण डोस वजनावर ठरतो, म्हणून व्हेटला फोन करायच्या आधी किचनच्या काट्यावर ठेवून वजन घ्या (आमचं पिल्लू काट्याच्या वाडग्यातच झोपलं).

तांदूळ म्हणजे चपटे जंत, टेपवर्म. दिसतो तो अख्खा जंत नसतोच, त्याचे तुटून आलेले तुकडे असतात. शेपटीखाली केसांना चिकटलेले, ताजे असले तर चक्क आखडतात-पसरतात, वाळले की चादरीवर तीळ सांडल्यासारखे. आणि यांच्यावर पायरँटेल शून्य, इथे प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध लागतं. शी तपासून रिपोर्ट क्लीन आला तरी हुरळू नका, अंडी बऱ्याचदा त्या तुकड्यांतच बंद असतात, त्यामुळे तुकड्याचा फोटो काढून व्हेटला दाखवलेला बरा.

आता खरी गोम. हा जंत बहुतेक वेळा पिसवांतून येतो. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं, पिसवेच्या पोटात जंताचं पिल्लू असतं, झालं. गोळीने आजचे जंत मरतात पण उद्या गिळलेल्या पिसवेला ती काय करणार, 2-3 आठवड्यांत परत तांदूळ. (उंदीर मारणाऱ्या बोक्यांना उंदरातून येणारी टेपवर्मची वेगळी जात असते, तिलाही प्राझिक्वांटेलच.)

"आमच्याकडे पिसवा नाहीत" म्हणणाऱ्यांनी कमरेवरून बारीक दातांची फणी फिरवा, निघालेली काळी पूड ओल्या टिशूवर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे तुमच्या मांजरीचंच रक्त. मग पिसवांचं औषध आणा पण मांजरीचंच, कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं (हे एक कीटकनाशक) लावलंत तर फिट्स येऊन जीव जाऊ शकतो.