माहिती अधिकार अर्ज : ग्रामपंचायत व नगरपरिषद कार्यालयांतील कार्यपद्धती

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली नागरिकाने स्थानिक स्वराज्य संस्थेकडे मागितलेले अभिलेख शोधून, तपासून, ठरलेल्या मुदतीत देण्याची किंवा कारणे लिहून नाकारण्याची कार्यालयीन पद्धत. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याआधी गोव्यात १९९७ चा स्वतंत्र कायदा होता. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर २००२ चा राज्य कायदा आला होता. मूळ अधिनियम देशभर एकच असला, तरी अर्जाचा नमुना आणि शुल्क राज्याच्या नियमांनी ठरते. पुढील तपशील महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांप्रमाणे आहे.

ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जावर माहिती देणारा किंवा नाकारणारा अधिकारी, सरपंच नव्हे, ग्रामसेवक. २०२४ पासून ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे पदनाम झाले आहे. नगरपरिषदेत बांधकाम, कर, आरोग्य, लेखा असे विभागवार अधिकारी नेमलेले असतात. प्रथम अपिलीय प्राधिकारी, म्हणजे पहिले अपील ऐकणारा अधिकारी, त्यांच्याहून वरिष्ठ दर्जाचा असावा लागतो. अर्जावर 'मा. सरपंच' असे लिहिले म्हणून किंवा टेबल चुकले म्हणून अर्ज परत करता येत नाही. कार्यालय तेच असेल, तर अर्ज आतल्या आत योग्य अधिकाऱ्याकडे पोचवणे हे कार्यालयाचेच काम आहे.

आवक आणि पहिले पाच दिवस

बिघडलेल्या प्रकरणांची मुळे बहुधा कलम ८ च्या (माहिती नाकारण्याच्या कारणांच्या) अर्थात सापडत नाहीत, ती आवक टेबलावर सापडतात. माहिती देण्याची तीस दिवसांची मुदत अर्ज कार्यालयात मिळाल्यापासून मोजली जाते, लिपिकाने तो जन माहिती अधिकाऱ्यापुढे ठेवल्यापासून नाही. ग्रामसेवकाकडे दोन गावे असतील आणि अर्ज आठ दिवस शिपायाच्या कपाटात राहिला, तर ते आठ दिवस गेलेच. म्हणून अर्जावर त्याच दिवशी आवक क्रमांक व तारखेचा शिक्का, अर्जदाराला पोच आणि माहिती अधिकाराच्या वेगळ्या नोंदवहीत नोंद, या तीन गोष्टी अर्ज वाचण्याआधी व्हाव्यात. नोंदवहीत मिळाल्याची तारीख, विषय, शुल्कपत्राची (प्रतींचा खर्च कळवणाऱ्या पत्राची) तारीख, भरणा, निकालाची तारीख व जावक क्रमांक यांचे रकाने असावेत. विसावा दिवस लाल शाईने आधीच लिहून ठेवणारी कार्यालये मुदत सहसा चुकवत नाहीत.

अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात असतो. शुल्क १० रुपये. ते रोख, कोर्ट फी स्टॅम्प, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकर्स चेकने भरता येते. रोख घेतल्यास ग्रामपंचायतीची पावती फाडावी, स्टॅम्प असल्यास तो लगेच रद्द करावा. न छेदलेला स्टॅम्प नंतर गळून पडतो आणि मग 'शुल्कच भरले नव्हते' असा वाद सुरू होतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडला असेल, तर शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी हे विचारण्यास कलम ६(२) मनाई करते. 'तुम्हाला कशाला हवंय हे?' हा प्रश्न तोंडीसुद्धा टाळावा.

२०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांचा असावा. यातला 'साधारणपणे' हा शब्द कार्यालये विसरतात. १७० शब्दांचा अर्ज केवळ शब्द मोजून फेटाळणे नियमात बसत नाही. अनेक विषय असतील, तर पहिल्या विषयाची माहिती द्यावी आणि बाकीच्यांसाठी स्वतंत्र अर्ज करण्यास लेखी कळवावे, एवढीच मुभा आहे.

मागितलेला अभिलेख दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांच्या आत अर्ज तिकडे वर्ग करावा लागतो आणि अर्जदाराला तसे कळवावे लागते. गावातल्या सिमेंट रस्त्याचे उदाहरण घ्यावे. ग्रामसभेचा ठराव, रोकडवहीतील (नमुना ५) नोंद आणि देयकाचे प्रमाणक (व्हाउचर) ग्रामपंचायतीत मिळेल. मोजमाप पुस्तिका मात्र अनेकदा अभियंत्याकडे, म्हणजे बांधकाम उपविभागात असते. अशा वेळी आपल्याकडचा भाग आपण द्यायचा आणि तेवढा एक मुद्दा वर्ग करायचा. अख्खा अर्ज ढकलून दिला की तो तीन कार्यालयांत फिरतो आणि तिन्ही ठिकाणी 'आमच्याशी संबंधित नाही' असा शेरा पडतो.

शुल्कपत्र

प्रतींचा दर प्रतिपान २ रुपये (ए-४ किंवा ए-३) आहे, टपालखर्च वेगळा. शुल्कपत्रात हिशेब मांडून दाखवावा लागतो. उदाहरणार्थ, '६४ पाने × २ रुपये = १२८ रुपये, अधिक टपालखर्च'. 'अंदाजे पाचशे रुपये भरावेत' असे मोघम पत्र टिकत नाही. रक्कम अमान्य असल्यास अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचे, हेही त्याच पत्रात द्यावे लागते.

पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरले जाईपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. अर्ज मिळाल्यावर सातव्या दिवशी शुल्कपत्र गेले आणि अर्जदाराने वीस दिवसांनी पैसे भरले, तरी कार्यालयाकडे २३ दिवस उरतात. तेच पत्र २९ व्या दिवशी काढले, तर भरणा होताच हातात एकच दिवस राहतो. तीस दिवस उलटल्यावर शुल्क मागताच येत नाही. कलम ७(६) नुसार माहिती मोफत द्यावी लागते, पाने चारशे असली तरी. पाने मोजण्यासाठी आधी कागद हाती यावे लागतात, त्यामुळे शुल्कपत्र लवकर काढण्याची सवय आपोआप शोधही लवकर सुरू करायला लावते.

दप्तराचा शोध आणि 'उपलब्ध नाही'

जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण चालते. 'अ' कायम जतन करायचे, 'ड' लवकर नष्ट करायचे, मधल्यांना ठरावीक वर्षे. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागद त्यांच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत, आहे. ज्या कार्यालयात ही पद्धत भिंतीवरच्या तक्त्यापुरती न राहता कपाटातही दिसते, तिथे नमुना ८ (कर आकारणी) किंवा नमुना ९ (कर मागणी) काढायला दहा मिनिटे लागतात. जिथे २०१४ ची देयके, निवडणुकीच्या याद्या आणि टंचाईचे प्रस्ताव एकाच पोत्यात आहेत, तिथे माहिती अधिकाराचा अर्ज संकट वाटतो, यात नवल नाही.

'सदर माहिती कार्यालयात उपलब्ध नाही' हे स्थानिक कार्यालयांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत घातक वाक्य आहे. त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, असा अभिलेख कधी तयारच झाला नाही. मग तसे स्पष्ट लिहावे, आणि तो ठेवणे नियमाने बंधनकारक असूनही ठेवला नसेल तर तेही लिहावे. दोन, मुदत संपल्याने तो नष्ट केला. मग नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची व मंजुरीच्या आदेशाची प्रत द्यावी. तशी यादी नसेल, तर 'नष्ट केला' हा दावा उभा राहत नाही. तीन, अभिलेख होता, पण सापडत नाही. ही गहाळ फाइल. कायद्यात 'गहाळ' हे माहिती नाकारण्याचे कारणच नाही. शोध घेणे, जबाबदारी निश्चित करणे आणि जमेल तिथे दुसऱ्या कार्यालयातील प्रतीवरून फाइल पुन्हा उभी करणे, असा मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करण्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि गहाळ फाइलींच्या प्रकरणांत दुसरे अपील ऐकणारा राज्य माहिती आयोग या अधिनियमाचा आधार घेतो.

ग्रामपंचायतीत फाइली गहाळ होण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे बदली. जुना ग्रामसेवक जातो, नवा येतो, कार्यभाराची यादी 'सर्व दप्तर मिळाले' अशा एका ओळीत उरकली जाते. वर्षभराने अर्ज येतो, तेव्हा नवा अधिकारी 'मला चार्ज मिळाला नाही' म्हणतो. हा बचाव तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा कार्यभार घेताना कमी असलेल्या नोंदवह्या क्रमांकासह लिहून गटविकास अधिकाऱ्यांना कळवलेल्या असतात. माजी अधिकाऱ्याकडे दप्तर असेल, तर कलम ५(४) खाली लेखी मागावे. मदत मागितलेला अधिकारी कलम ५(५) प्रमाणे त्या अर्जापुरता जन माहिती अधिकारीच समजला जातो आणि शास्तीही (दंडही) त्याच्यावर बसू शकते.

काय द्यायचे, काय झाकायचे

कार्यालयाकडे जे आहे ते द्यायचे, नवे तयार करायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. 'माझा अर्ज का नामंजूर केला?' अशा 'का' असलेल्या प्रश्नांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले की असे स्पष्टीकरण 'माहिती'च्या व्याख्येत येत नाही. मात्र या निर्णयाचा आडोसा फार घेतला जातो. नामंजुरीची टिपणी फाइलमध्ये असेल, तर ती टिपणी ही माहितीच आहे आणि 'का'चे उत्तर तिथेच असते. सुजाण अधिकारी वाद न घालता त्या पानाची प्रत देतो. व्याख्येत नमुनेही येतात. रस्त्याच्या कामातील साहित्याचा प्रमाणित नमुना मागणारा अर्ज वेडेपणाचा नसतो, तो कलम २(ञ) मध्ये बसतो.

वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता कलमात फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. सार्वजनिक कामाशी संबंध व मोठे लोकहित तपासण्याची जुनी वाक्यरचना गेली. त्यामुळे नाव दिसले की कागद बंद, असा सोपा अर्थ लावला जाण्याची भीती आहे. तसे करता येत नाही. कलम ८(२) शाबूत आहे, हानीपेक्षा लोकहित जड असेल तर माहिती देता येते. कलम ४(१)(ख) प्रमाणे अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे, म्हणजे घरकुलाची यादी नाकारण्याचा प्रश्नच येऊ नये. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल मात्र कलम १० (न देण्याजोगा भाग वगळून बाकीचा देणे) वापरून झाकावेत. मार्करने काळे केलेले पान उजेडाकडे धरले की आकडे दिसतात. म्हणून काळे केलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यावी, आणि किती भाग कोणत्या कलमाखाली वगळला हे पत्रात लिहावे.

त्रयस्थ पक्षाच्या, म्हणजे अर्जदाराखेरीज ज्याची माहिती फाइलमध्ये आहे त्याच्या, बाबतीत अशीच घाई दिसते. शेजाऱ्याच्या बांधकाम परवानगीची फाइल मागितली की नगरपरिषद शेजाऱ्याला नोटीस काढते, तो 'देऊ नका' म्हणतो आणि अर्ज फेटाळला जातो. कलम ११ ची नोटीस त्या पक्षाने गोपनीय म्हणून दिलेल्या किंवा मानलेल्या माहितीपुरती आहे. ती पाच दिवसांत काढायची, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत निर्णय घ्यायचा. त्याचे म्हणणे विचारात घ्यायचे असते. त्याचा नकार हा निर्णय नसतो.

तपासणी

पाने खूप असतील, तर तपासणी दोघांनाही परवडते. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. नियमाप्रमाणे तपासणाऱ्याला फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, पेन जन माहिती अधिकाऱ्याकडे जमा करावे लागते. मूळ पानावर शाईची एक रेघ ओढली गेली तरी पुढे खाडाखोडीचा वाद होतो, हे त्यामागचे साधे कारण. फाइल देण्याआधी पानांना क्रमांक घालावेत, समोर एक कर्मचारी बसवावा आणि शेवटी 'पृष्ठ १ ते ११२ पाहिली' अशी सही घ्यावी. पुणे महापालिकेत सुरू झालेली सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख खुले ठेवण्याची प्रथा राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक प्राधिकरणांना घालून दिली. ती जिथे खरोखर पाळली जाते, तिथे लेखी अर्जांचा भार हलका होतो.

नकार, अपील, शास्ती

नकाराच्या पत्रात कलमाचे पोटकलम, ते या कागदाला का लागू होते याची दोन ओळींची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता हवा. नुसते 'कलम ८ अन्वये देता येत नाही' हे कारण होत नाही. तीस दिवसांत काहीच उत्तर न जाणे हाही नकारच मानला जातो. पहिले अपील ३० दिवसांत 'जोडपत्र ब' मध्ये २० रुपयांच्या शुल्कासह होते. त्याचा निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत द्यायचा. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे जाते.

शास्ती दर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, आणि ती कार्यालयाच्या निधीतून भरता येत नाही, अधिकाऱ्याच्या खिशातून जाते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर असतो. सुनावणीला जाताना बाजू मांडणाऱ्या लांब टिपणीपेक्षा चार गोष्टी सोबत असाव्यात: माहिती अधिकार नोंदवहीचे ते पान, जावक नोंद, स्पीड पोस्टची पावती आणि दिलेल्या पानांच्या क्रमांकांची यादी. 'साध्या टपालाने पाठवले होते' हे वाक्य सुनावणीत कुणीच ऐकून घेत नाही.