बुटका पंच जास्त शिट्ट्या मारतो?

सांगलीत बास्केटबॉलची मॅच असली की कट्ट्यावरून शेरा ठरलेला: "पंच बुटका आहे, आता फाउलचा पाऊस!" पण नुसत्या उंचीवरून असं ठरवता येत नाही. रिंगच मुळात 3.05 मीटरवर, सहा फुटी पंचालाही मान वर करावीच लागते. फाउल दिसतो तो कोनामुळे. चेंडूवाला आणि त्याला अडवणारा यांच्यातली फट दिसेल अशा जागी पंच पळत जातो. पाठीमागून पाहिलं तर हात लागला की नाही, देव जाणे!

बास्केटबॉलमध्ये पंचाच्या शरीराचा एक संबंध दिसला तो वर्णाशी, तोही एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये. प्राइस आणि वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात (2010) पंच दुसऱ्या वर्णाचे असताना खेळाडूवर फाउल किंचित जास्त निघाले. अभ्यास रीतसर छापून येण्याआधी, 2007 मध्येच हे वर्तमानपत्रांत गाजलं होतं. पुढच्या हंगामांत तो फरक दिसेनासा झाला.