आग्वारिकोकाठची तहान

आग्वारिको नदीकाठच्या गावांमध्ये पाण्याच्या टाक्या बसवाव्या लागल्या, हे ऐकून आधी आश्चर्यच वाटतं. इक्वेडोरचा ईशान्य कोपरा, कोलंबियाच्या सीमेलगतचं ॲमेझॉनचं जंगल. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या तोडीचा. फरक एवढाच, की रत्नागिरीत तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे बाराही महिने पडत राहतो. दारात आग्वारिको नदी. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थच 'समृद्ध पाणी'. कोफान, सिओना आणि सिएकोपाई हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचं आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी पीत आले. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण आपल्या सवयीची. इथे तर उशाशी वाहती नदीच होती.

१९६४ मध्ये सरकारने टेक्साको आणि गल्फ या अमेरिकी कंपन्यांना इथल्या जंगलात तेल शोधायचा परवाना दिला. १९६७ मध्ये पहिल्या विहिरीला तेल लागलं. टेक्साकोचा जन्म टेक्सासमधल्या 'सावर लेक' गावचा, म्हणून या जागेचं नाव पडलं 'लागो आग्रियो', म्हणजे आंबट तळं. कोफानांच्या जमिनीचं बारसं असं कंपनीच्या आठवणीने झालं. १९७२ मध्ये अँडीज ओलांडून प्रशांत किनाऱ्यापर्यंत तेलवाहिनी गेली आणि मग उपसा जोरात सुरू झाला.

पाण्याची नासाडी नेमकी कशी झाली, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण ती एखाद्या अपघातातून झाली नाही, रोजच्या कामातून झाली. विहिरीतून तेलाबरोबर खोलवरचं खारं पाणीही वर येतं. त्यात क्षार असतात, जड धातू असतात, बेंझिनसारखी तेलातली विषारी द्रव्यं असतात. हे पाणी पुन्हा जमिनीत खोल सोडायची पद्धत तेव्हाही माहीत होती, पण तिला पैसे पडतात. म्हणून ते थेट ओढ्यांत सोडलं गेलं. पुढे कंपनीविरुद्ध कोर्टात गेलेल्या रहिवाशांच्या हिशेबाने सुमारे ६ हजार कोटी लिटर! विहीर खोदताना निघालेला गाळ आणि तेल शेजारच्या खड्ड्यात जाई. खड्ड्याला अस्तर नाही. एवढ्या पावसात तो भरून वाहणारच, म्हणून काठातून एक वाकडा पाइप बसवलेला असे. वरचं पाणी त्यातून हळूहळू जवळच्या ओढ्यात उतरे. धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यांवरही तेल ओतत आणि पाऊस आला की तेही नदीत. घरामागे आड खणावा, तर तिथेही वास.

१९९० मध्ये कारभार सरकारी पेट्रोएक्वादोरकडे गेला, पण ओढ्यांचं नशीब लगेच पालटलं नाही.

कोर्टाची कहाणी लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये सुमारे ३० हजार रहिवाशांच्या वतीने न्यूयॉर्कमध्ये दावा गेला. खटला इक्वेडोरमध्येच चालवा, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितलं. दरम्यान २००१ मध्ये टेक्साको शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. २००३ मध्ये लागो आग्रियोत खटला उभा राहिला, २०११ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध लागला आणि भरपाईचा आकडा पुढे साडेनऊ अब्ज डॉलरवर स्थिरावला. आपल्या वाट्याची सफाई ४ कोटी डॉलर खर्चून झाली आहे आणि सरकारने आपल्याला मोकळं केलं आहे, असं कंपनीचं म्हणणं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो निकाल लबाडीने मिळवल्याचं ठरवलं. कोण खरं, कोण खोटं यावर कागदांचे डोंगर झाले. त्यातून गावात हंडाभर पाणी आलं नाही.

म्हणून २०११ पासून, कोर्टाची वाट न पाहता, छपरांकडे मोर्चा वळला. क्लियरवॉटर नावाच्या उपक्रमातून काम सुरू झालं. पुढे कोफान, सिओना, सिएकोपाई आणि वाओरानी यांनी मिळून 'आलियान्सा सेइबो' ही स्वतःची संघटना उभी केली. रचना कोकणातल्या कुणालाही चटकन कळेल: पत्र्याचं छप्पर, वळचणीला पन्हळ, पन्हळीतून पाणी वाळू-खडीच्या गाळणीत आणि तिथून झाकणाच्या टाकीत. टाक्या होडीतून गावागावांत गेल्या. पाऊस बारमाही असल्याने आठ महिन्यांचा साठा करायची गरज नाही, घरटी एका टाकीवर भागतं. झावळ्यांच्या छपरावर मात्र हे जमत नाही, पत्रा हवाच. बसवणारे हात गावातलेच, त्यामुळे पन्हळ तुंबली किंवा तोटी गळाली तर शहरातून माणूस यायची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. हजाराहून जास्त घरांत अशी टाकी आली.

पण पाऊस तरी निर्मळ कुठे? तेलक्षेत्रात नको असलेला वायू रात्रंदिवस जाळतात आणि त्याची काजळी पत्र्यावर बसते. याविरुद्ध नऊ मुलींनी दावा लावला. जानेवारी २०२१ मध्ये सुकुम्बिओसच्या प्रांतिक न्यायालयाने वस्त्यांजवळच्या या ज्वाळा दीड वर्षात आणि बाकीच्या २०३० पर्यंत बंद करायचा आदेश दिला.

टाकीतलं पाणी पिण्याचं आणि रांधण्याचं. आंघोळ, धुणं, पोरांचं डुंबणं आणि मासळी यांसाठी अजूनही नदीच. ७ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाची टाळेबंदी असताना, दक्षिणेकडच्या कोका नदीचा काठ खचून तेलवाहिन्या फुटल्या आणि १५ हजारांहून जास्त पिंपं तेल पाण्यात गेलं. काठावरच्या किचवा आदिवासींच्या गावांमध्ये त्या दिवसांत बाजार बंद होता आणि नदीतले मासेही खाता येत नव्हते.