एम-पेसा

एम-पेसा : मोबाइल फोनवरून पैसे पाठवण्याची, काढण्याची आणि साठवण्याची केनियातील सेवा. सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने ती ६ मार्च २००७ रोजी सुरू केली. बँकेत खाते नसलेल्या माणसाला साध्या बटणांच्या फोनवरून दुसऱ्या गावातल्या माणसाला पैसे देता यावेत, एवढेच तिचे मूळ काम. त्या एका कामाभोवती पुढे बचत, कर्ज, दुकानातली देणी, शाळेची फी, सरकारी शुल्क आणि सौरदिव्यांचे हप्ते येऊन जमले. आफ्रिकेतल्या तंत्रज्ञानाचा आणि तिथल्या गुंतवणुकीचा विषय निघाला की आजही पहिल्यांदा याच सेवेचे नाव घेतले जाते.

नावातला ‘एम’ मोबाइलचा. ‘पेसा’ हा स्वाहिलीतला पैशाचा शब्द आपल्या ‘पैसा’चेच भावंड आहे. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. झांझिबारच्या सुलतानाने १८८२ मध्ये तांब्याचे पैसे पाडले होते. जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत १९०४ पर्यंत ६४ पेसांचा एक रुपया होत असे, म्हणजे सोळा आणे आणि चौसष्ट पैशांचा आपला जुना हिशोबच. आजच्या केनियाच्या प्रदेशातही १९२० पर्यंत रुपयाच चलनात होता, शिलिंग त्यानंतर आला.

उगम

नैरोबीत किंवा मोम्बासात काम करणारा माणूस गावाकडे पैसे कसे पाठवत असे? ओळखीच्या माणसाच्या हाती, बसच्या चालकाकडे पाकीट देऊन किंवा पोस्टातून. पाकीट वाटेत हरवे, चोरीला जाई, उशिरा पोचे. गिरणगावातल्या कामगाराच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसणारी कोकणातली घरे ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. बँकांच्या शाखा शहरांतच होत्या आणि खात्यात ठेवावी लागणारी किमान रक्कम मजुराच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ च्या पाहणीत औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ जेमतेम २७ टक्के निघाले.

लोकांनी मात्र स्वतःच एक वाट काढली होती. युगांडा, घाना, बोट्स्वाना या देशांत लोक रिचार्जचे पैसेच एकमेकांना पाठवत होते. शहरातला भाऊ रिचार्ज घेई, ते बहिणीच्या नंबरावर टाके आणि गावातला दुकानदार बहिणीकडून ते घेऊन तिला रोख देई. या शतकाच्या आरंभी संशोधकांनी या व्यवहाराची नोंद केली. एम-पेसाची खरी बीजे मला या व्यवहारात दिसतात, कुठल्या प्रयोगशाळेत नाही.

ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने सफारीकॉमची मोठी भागधारक असलेल्या व्होडाफोनला सुमारे दहा लाख पौंडांचे अनुदान दिले, तेवढीच भर कंपनीने घातली. व्होडाफोनच्या निक ह्यूज आणि सुझी लोनी या दोघांनी काम हाती घेतले. हेतू वेगळा होता : सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या गटांना हप्ते फोनवरून भरता यावेत. ऑक्टोबर २००५ मध्ये थिका गावात आणि नैरोबीत, फाउलू केनिया या सूक्ष्मवित्त संस्थेच्या सुमारे ५०० सभासदांवर प्रयोग सुरू झाला. सभासदांनी ती सोय आपल्या गरजेप्रमाणे वळवून घेतली. कुणी नातेवाइकांना पैसे पाठवले, कुणी दुसऱ्याचा हप्ता भरून त्याच्याकडून रोख घेतली, तर कुणी प्रवासाला निघण्यापूर्वी पैसे फोनवर टाकून मुक्कामी पोचल्यावर काढून घेतले. फाउलूच्या हिशेबाचा मात्र घोळ होऊ लागला. मग कर्जाच्या हप्त्यांचा विचार बाजूला ठेवून ‘घरी पैसे पाठवा’ या एकाच वाक्यावर सेवा उभी करण्यात आली. ग्राहक काय करतो आहे ते पाहून स्वतःचा आराखडा मोडण्याची ही तयारी फार थोड्या मोठ्या कंपन्यांत दिसते.

पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक ग्राहक झाले. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर देशात दंगली उसळल्या, रस्ते आणि बँका बंद पडल्या. नैरोबीच्या झोपडवस्त्यांत अडकलेल्या माणसांना नातेवाइकांनी पैसे आणि रिचार्ज फोनवरूनच पाठवले. त्या आठवड्यांत सेवेवर बसलेला विश्वास कुठल्याही जाहिरातीने बसला नसता.

कार्यपद्धती

एम-पेसाला सुरुवातीपासूनच इंटरनेट लागत नव्हते. सिमकार्डातच एक यादी बसवलेली असते. ‘पैसे पाठवा’ निवडायचे, नंबर आणि रक्कम टाकायची, चार आकडी गुप्त क्रमांक द्यायचा. क्षणात दोघांनाही संदेश येतो. पैसे खात्यात भरणे मोफत, पाठवायला आणि काढायला शुल्क. चुकीच्या नंबराला पैसे गेल्याच्या तक्रारी वाढल्यावर, पाठवण्याआधी समोरच्याचे नाव दाखवण्याची सोय पुढे आली.

तंत्र इतके सोपे असले तरी सेवेचा सगळा डोलारा एजंटावर उभा आहे. तो किराणावाला, औषधवाला किंवा हिरव्या रंगाच्या टपरीत बसलेली बाई असते. एजंट आधी स्वतःचे भांडवल बँकेत भरतो आणि तेवढीच रक्कम त्याच्या फोनवर जमा होते. याला तिथे ‘फ्लोट’ म्हणतात. ग्राहकाने रोख दिली की एजंटाच्या फोनवरचे पैसे ग्राहकाकडे जातात आणि गल्ल्यात नोटा वाढतात. ग्राहकाने पैसे काढले की उलटे घडते. शहरात भरणारे जास्त, गावात काढणारे जास्त. त्यामुळे गावातल्या एजंटाचा गल्ला सारखा रिकामा होतो आणि त्याला नोटा आणायला जवळच्या बँकेच्या गावी खेटे घालावे लागतात. महिनाअखेरीस किंवा सणाच्या दिवशी ‘आज फ्लोट नाही’ हे वाक्य ऐकून ग्राहक परतला, तर त्याच्या लेखी सगळी यंत्रणाच बंद असते. आरंभी काहीशे असलेले एजंट आज केनियात दोन लाखांहून अधिक आहेत.

ग्राहकांचे पैसे कंपनीच्या खात्यात नसतात. ते बँकांमधल्या विश्वस्त खात्यात राहतात आणि फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगामागे तिथे एक शिलिंग असावाच लागतो. कंपनीला ते कर्जाऊ देता येत नाहीत आणि त्यावरचे व्याज धर्मादाय कामासाठी जाते. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने या अटींवर सेवेला ‘हरकत नाही’ असे पत्र दिले, तेव्हा देशात त्यासाठी कायदाच नव्हता. आधी चालू द्या, लक्ष ठेवा, मग नियम करा, अशी तिची भूमिका होती. २००८ च्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी तपासणीचे आदेश दिले, पण त्यातून सेवा सुरक्षित ठरली. राष्ट्रीय देयक प्रणालीचा कायदा २०११ मध्ये आणि त्याचे नियम २०१४ मध्ये आले.

जोडणी आणि विस्तार

२००९ पर्यंत केनिया समुद्राखालच्या एकाही केबलने जगाशी जोडलेला नव्हता. इंटरनेटची सगळी वाहतूक उपग्रहावरून, महाग आणि संथ. त्या वर्षी मोम्बासाला सीकॉम आणि टीम्स या दोन केबली पोचल्या, पुढच्या वर्षी ईसी ही तिसरी. सीकॉमचे एक टोक मुंबईत आहे. टीम्स ही मोम्बासापासून संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरापर्यंत जाते आणि तिच्यात केनिया सरकारचाच पुढाकार होता. म्हणजे एम-पेसा वेगवान इंटरनेटच्या आधी आली. केबली आल्या तेव्हा लोकांच्या हाती पैसे देण्याचे साधन तयार होते. नैरोबीतल्या नवउद्योगांच्या भरभराटीचे श्रेय बहुधा एकट्या इंटरनेटला दिले जाते. माझ्या मते हा क्रम जास्त महत्त्वाचा आहे.

सफारीकॉमने २०१७ मध्ये ‘दराजा’ (स्वाहिलीत पूल) या नावाने आपली यंत्रणा बाहेरच्या प्रोग्रामरांना वापरू दिली. त्याआधीच, २०१२ मध्ये, निक ह्यूज यांच्यासह तिघांनी स्थापन केलेल्या एम-कोपा कंपनीने एम-पेसावर आपला धंदा उभा केला होता. ‘कोपा’ म्हणजे उधार घेणे. रॉकेलच्या दिव्यावर होणाऱ्या खर्चाइतका रोजचा हप्ता एम-पेसाने भरायचा, तो भरला की घरावरचा सौरसंच चालू राहतो, थांबला की दूरूनच बंद होतो. सगळे हप्ते फिटले की संच घराचा. दिवसाला काही शिलिंगांची वसुली माणूस पाठवून कधीच परवडली नसती. २०२३ मध्ये या कंपनीने २५ कोटी डॉलरांहून अधिक भांडवल आणि कर्ज उभे केले.

स्वतः सफारीकॉममध्ये केनिया सरकारचा ३५ टक्के आणि व्होडाफोन समूहाचा ४० टक्के हिस्सा दीर्घकाळ राहिला. २००८ मध्ये सरकारने २५ टक्के हिस्सा शेअरमागे ५ शिलिंगांना जनतेला विकला, तेव्हा आठ लाखांहून अधिक लोकांनी शेअर घेतले. अनेकांसाठी ती आयुष्यातली पहिलीच गुंतवणूक होती. नंतर भाव बराच काळ ५ शिलिंगांच्या खालीच रेंगाळला आणि घाईने विकणाऱ्यांचे नुकसान झाले. २०२१ मध्ये तो ४० च्या वर गेला आणि २०२३ पर्यंत पुन्हा मोठा घसरला. आज कंपनीच्या सेवा-उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के वाटा एम-पेसाचा आहे. २०२० मध्ये सफारीकॉम आणि दक्षिण आफ्रिकेतील व्होडाकॉम यांनी मिळून या नावाचे हक्क व्होडाफोनकडून घेतले.

परिणाम आणि वाद

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एम-पेसामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे देशातली सुमारे २ टक्के, दारिद्र्यातून वर आली आणि १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या. काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये या निष्कर्षांवर हरकत घेतली : बुडालेले छोटे धंदे आणि वाढते कर्ज त्यात पुरेसे मोजलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. २०१९ च्या पाहणीत औपचारिक वित्तसेवा वापरणाऱ्यांचे प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास पोचले होते, याबद्दल मात्र दुमत नाही. आपल्या भिशीसारखे चालणारे ‘चामा’ हे बचतगटसुद्धा वर्गणी फोनवरच गोळा करतात. लग्न, आजारपण, अंत्यविधी यांसाठीची मदतही तशीच जमते.

कर्जाची बाजू मला जास्त काळजीची वाटते. २०१२ मध्ये एम-श्वारी ही बचत-कर्ज सेवा आली आणि २०१९ मध्ये फुलिझा. फुलिझात खात्यात पैसे कमी पडले तरी देणे पुरे होते आणि वापरलेल्या रकमेवर आकार लागतो. लोक पीठ-भाजीसाठी तिचा आधार घेऊ लागले. त्याबरोबर इतर कंपन्यांची कर्जाची ॲप फोफावली. थकलेल्या कर्जासाठी कर्जदाराच्या फोनमधल्या ओळखीच्यांना फोन करून त्याची बदनामी करण्याचे प्रकार झाले. अशा सावकारांना मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा करणारा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये झाला. थोड्या रकमा पाठवणाऱ्या गरिबाला शुल्काचा भार जास्त जाणवतो आणि सरकारने त्या शुल्कावरचा अबकारी कर २०२३ मध्ये १५ टक्क्यांवर नेला. कोविडच्या काळात १,००० शिलिंगांपर्यंतच्या व्यवहारांचे शुल्क काही महिने माफ होते.

मक्तेदारीचा आक्षेप जुना आहे. देशातील मोबाइल पैशांत एम-पेसाचा वाटा दीर्घकाळ ९० टक्क्यांच्या वर राहिला. २०१० मध्ये भारती एअरटेलने कुवेतच्या झेन या दूरसंचार कंपनीचा आफ्रिकेतला व्यवसाय विकत घेतला आणि केनियात हा भारतीय स्पर्धक आला. त्याच्या तक्रारीनंतर २०१४ मध्ये एजंटांना इतर कंपन्यांचेही काम करण्याची मोकळीक मिळाली. दोन कंपन्यांच्या खात्यांत थेट पैसे जाऊ लागले ते २०१८ मध्ये.

केनियाबाहेर

टांझानियात सेवा २००८ मध्ये गेली आणि हळूहळू रुजली. मोझांबिक, लेसोथो, काँगो लोकशाही प्रजासत्ताक येथेही ती चालते आणि २०२१ मध्ये आफ्रिकेतील एकूण ग्राहक पाच कोटींवर गेले. दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये सुरू झालेली सेवा २०१६ मध्ये बंद करावी लागली : तिथे बँका आधीच घराघरांत होत्या आणि एजंटांचे जाळे विरळ राहिले. भारतात व्होडाफोनने ती २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेसह आणली. आपल्याकडे बँकेशिवाय रोख काढून देण्यावर रिझर्व्ह बँकेचे कडक निर्बंध होते, एकाही मोबाइल कंपनीकडे केनियासारखा बहुसंख्य ग्राहक नव्हता, आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. २०१९ मध्ये इथली सेवा गुंडाळली गेली.

सर्वांत अलीकडचा मोठा प्रयत्न इथिओपियातला. सुमारे बारा कोटींच्या या देशात ऑगस्ट २०२३ मध्ये एम-पेसा सुरू झाली. पण सरकारी इथिओ टेलिकॉमने मे २०२१ मध्येच टेलेबिर ही आपली मोबाइल पैशांची सेवा आणली होती आणि कोट्यवधी खाती उघडली होती. केनियात मोकळे रान मिळालेल्या एम-पेसाला इथे आधीच उभ्या असलेल्या जाळ्यातल्या दुकानदाराला आपल्याकडे वळवावे लागत आहे.