लिपिड नॅनोकण (तोंडावाटे कर्करोगौषधे)

लिपिड नॅनोकण : कर्करोगावरील औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत भरून पोटातून देण्याचे साधन. कण साधारणतः ५० ते १,००० नॅनोमीटर आकाराचे असतात. ‘मौखिक औषध’ ही संज्ञा येथे टाळली आहे. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात तिचा अर्थ तोंडाच्या कॅन्सरवरचे औषध असाच घेतला जाईल.

या कणांच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. बहुधा १९९० च्या दशकारंभीचे इटलीतील तूरिनच्या मारिया रोझा गास्को आणि जर्मनीतील रायनर म्यूलर यांचे काम पहिले मानतात. गास्को यांनी गरम सूक्ष्मपायस (मेद व पाणी यांचे अतिबारीक थेंबांचे मिश्रण) थंड पाण्यात ओतून, तर म्यूलर व लुक्स यांनी वितळलेल्या मेदाचे पायस उच्च दाबाने बारीक फटीतून काढून घन कण मिळविले. तथापि तोंडावाटे वापरापुरते पाहिल्यास पेटर स्पायझर यांच्या ‘लिपिड नॅनोपेलेट’चे यूरोपीय एकस्व (पेटंट, १९९०) अगोदरचे ठरते. त्यात जाडसर कणांची भेसळ बरीच असे, हा आक्षेप खरा. पण त्यामुळे अग्रक्रम बदलू नये.

डोसिटॅक्सेलसारखे कर्करोगौषध पाण्यात नीट विरघळत नाही. आतड्याच्या पेशींतील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन ते परत बाहेर ढकलते, आणि उरलेल्यापैकी बरेचसे आतड्याची भिंत व यकृत यांतील विकरे (एन्झाइमे) मोडून टाकतात. मेद मात्र लायपेज हे विकर व पित्तक्षार यांनी पचतो. लांब साखळीची मेदाम्ले कायलोमायक्रॉनांत (मेद वाहून नेणाऱ्या कणांत) बांधली जाऊन लसीकावाहिन्यांतून (लिम्फच्या नलिकांतून), म्हणजे यकृत टाळून, रक्तात येतात. औषधही त्यांच्यासोबत जाते. अख्खा कण शोषला जातो, हे मत मागे पडत आहे. पायरच्या पट्टांतून (आतड्याच्या भिंतीतील लसीका-ऊतींच्या पुंजक्यांतून) तसे होते, पण अल्प प्रमाणात. आयुर्वेदातील तुपाच्या अनुपानाशी केलेली तुलना आकर्षक असली तरी वरवरची आहे.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा पश्चिम भाग ज्या सह्याद्रीत येतो, तेथील नरक्या वृक्षात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगरोधी द्रव्य सापडते (१९७२). अल्कधर्मी आतड्यात त्याच्या रेणूतील लॅक्टोन हे वलय उघडून ते निकामी होते. स्टिअरिक आम्लाच्या कणांत भरून ते उंदरांना तोंडावाटे दिल्याचे प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

साठवणीत मेदाचे स्फटिकरूप बदलून औषध कणाबाहेर पडते. त्यावर उपाय म्हणून घन मेदात द्रव तेल मिसळतात. दक्षिण कोरियात २०१६ मध्ये मान्यता मिळालेले तोंडावाटे घ्यायचे पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगौषध मेदाधारित आहे, पण ते मेदद्रावण असल्याने काटेकोरपणे या वर्गात बसत नाही.